ऊन सर्वांचे, सावली कुणाची?

ऊन हे अल्लाहच्या घरचे, ते श्रीमंत-गरीब पाहत नाही, सगळ्यांवर सारखेच पडते, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. या बोलण्यात समाधानाचा एक भाग आहे. सगळेच सोसत आहेत म्हटले की सोसणे थोडे सुसह्य होते. पण हे विधान खरे आहे का? एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता बारामती-नीरा रस्त्यावर पणदऱ्याच्या आसपास उभे राहून पाहिले तर ते अर्धेच खरे असल्याचे कळते. ऊन सारखे पडते, सावली मात्र सारखी पडत नाही. कुणाला ती सिमेंटच्या छपराची, पंख्याची, कूलरची मिळते, कुणाला लिंबाच्या झाडाची, आणि कुणाला स्वतःच्या डोक्यावरच्या पाटीची. या लेखात मला जो प्रश्न मांडायचा आहे तो हवामानशास्त्राचा नाही, इन्साफचा आहे. पृथ्वीवर उष्णता वाढते आहे हे आता वादाचे राहिलेले नाही. ती वाढलेली उष्णता कुणाच्या अंगावर पडते आणि तसे का होते, हा खरा प्रश्न आहे.

पणदरे हे पर्जन्यछायेतले गाव. सह्याद्रीच्या पलीकडे ढग रिते होतात आणि आपल्याकडे वारा तेवढा येतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने या भागात नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले आणि १८८५ च्या सुमारास पाणी आले. त्या पाण्याने बारामती तालुक्याचे दोन तुकडे केले. कालव्याखालचा बागायती आणि सुपे, मोरगावकडचा जिरायती. बागायतीत ऊस आला, गुळाची गुऱ्हाळे आली, पुढे माळेगाव आणि सोमेश्वरचे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आज पणदऱ्याजवळ औद्योगिक वसाहतही आहे. पाण्याने समृद्धी आणली हे कुणी नाकारू नये. पण उसाला पाणी लागते तसे हातही लागतात, आणि हे हात बहुतेक बीड, अहिल्यानगर, धाराशिव या कोरड्या मुलखातून येतात.

एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. राहायला तळावरची कोपी. ती पाचटाची असो, ताडपत्रीची असो वा पत्र्याची, उभे राहायला उंची नाही आणि दुपारी आत बसायची सोय नाही. उसाच्या फडात वारा शिरत नाही. पाणी दिलेल्या रानात हवा दमट असते, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. माणसाचे शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम सुकण्यातूनच. घाम सुकला नाही तर आतली उष्णता आतच राहते, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडे थकतात, आणि शेवटी मेंदू साथ सोडतो. म्हणून थर्मामीटरवरचा चाळीस अंशाचा आकडा पुरेसे सांगत नाही. हवेत ओल किती, वारा किती, अंगमेहनत किती आणि विसावा किती, यावर तो आकडा माणसाला सोसतो की मारतो हे ठरते.

पूर्वीचे लोक उन्हाशी भांडत नसत, त्याच्याभोवतीने जात. नांगर पहाटे जुंपायचा, सूर्य वर आला की सोडायचा. दुपार झाडाखाली काढायची आणि उन्हे कलल्यावर पुन्हा रानात जायचे. बैलाला दुपारी जुंपले तर वडीलधारी माणसे रागावत. आताच्या कामाला ही दुपार मंजूर नाही. कारखान्याचा बॉयलर एकदा पेटला की तो रात्र-दिवस ऊस मागतो. तोडलेला ऊस उन्हात पडला तर वजन घटते, उतारा घटतो. म्हणून गाडी भरली पाहिजे, आणि ती गव्हाणीपर्यंत वेळेत पोहोचली पाहिजे. बैलाच्या दुपारची काळजी करणाऱ्या समाजात माणसाच्या दुपारचा मालक कुणीच उरला नाही.

२०२१-२२ चा गाळप हंगाम या दृष्टीने नीट आठवावा असा आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात ऊस उदंड झाला. राज्याने सुमारे १३७ लाख टन साखर तयार केली आणि देशात पहिला क्रमांक मिळवला. एरवी मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो. त्या वर्षी ऊस संपेचना. मराठवाड्यात तर तो मे महिन्यातही शेतात उभा होता, आणि राज्यातला हंगाम जूनच्या मध्यापर्यंत लांबला. याच वर्षी हवामान खात्याच्या नोंदीनुसार देशातला मार्च महिना १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. म्हणजे जे काम थंडीच्या दिवसांसाठी म्हणून आखलेले होते, ते सर्वांत कडक उन्हात करायची वेळ आली.

उन्हाळ्यात ऊस वाळतो, त्यातली साखर कमी होते, कारखान्याला तोटा होतो. हे ओळखून राज्य सरकारने त्या उन्हाळ्यात निर्णय घेतला. १ मे नंतर गाळल्या जाणाऱ्या उसासाठी उतारा घटला तर टनाला २०० रुपये अनुदान आणि लांबून ऊस आणला तर वाहतुकीचे वेगळे अनुदान. निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. उभ्या उसाने शेतकरी हवालदिल झाला होता, तोड मिळत नाही म्हणून मराठवाड्यात एका शेतकऱ्याने जीव दिला होता. काहीतरी करणे भागच होते. पण या निर्णयाच्या मागे जो विचार आहे तो जरा थांबून पाहण्यासारखा आहे. उन्हाने उसातली साखर किती घटते याचा हिशेब आपल्याजवळ होता, आणि त्या घटीची भरपाई करण्याची पद्धतही होती. त्याच उन्हाने, त्याच फडात, तो ऊस तोडणाऱ्या बाईच्या अंगातून काय घटले, याचे मोजमाप त्या अनुदानात नव्हते. उसाचा उतारा मोजला गेला, माणसाचा उतारा मोजायचा राहिला.

असे का होते? कुणी दुष्ट होता म्हणून नव्हे. या साखळीतला प्रत्येक जण आपापल्या परीने अडलेला असतो. शेतकरी म्हणतो, ऊस गेला नाही तर सोसायटीचे कर्ज कसे फेडू? कारखाना म्हणतो, गाळप थांबले तर एफआरपी कुठून देऊ? मुकादम म्हणतो, उचल मी वाटून बसलो आहे. आणि खुद्द तोडणारी बाई म्हणते, आज बसले तर खाडा लागेल, फेड लांबेल. सगळेच अडलेले असताना दोष कुणाचा म्हणायचा? मग आपण सोपी वाट धरतो आणि दोष उन्हाला देतो. ऊन बिचारे उलटून बोलत नाही.

जुडिथ श्क्लार नावाच्या एका अमेरिकी विचारवंत बाईंनी १९९० साली अन्यायावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या कामाचा आहे. एखादी आपत्ती दुर्दैव म्हणायची की अन्याय? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ही सीमा निसर्गाने आखलेली नसते, ती आपण आखतो. आणि बहुधा ज्यांना झळ लागत नाही तेच ती आखतात. भूकंप दुर्दैव असेल, पण निकृष्ट इमारत पडून माणसे मेली तर ते दुर्दैव राहत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, तकदीर हा शब्द आपण स्वतःच्या दुःखासाठी वापरला तर तो सब्र असतो. दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरला तर ती बहुतेक वेळा जबाबदारी झटकणे असते.

उन्हाच्या बाबतीत तर तकदीर म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानवर आलेल्या उष्णतेच्या लाटेचा अभ्यास शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केला. माणसाने वातावरण तापवल्यामुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे तीस पट वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२४ हे वर्ष जगाच्या नोंदीतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापेक्षा ते सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले होते. हा ताप कुणी वाढवला? भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. भारतातही तो सर्वांचा सारखा नाही. विमानाने फिरणारा आणि कोयता घेऊन बैलगाडीने येणारा, हे दोघे त्या दोन टनांच्या सरासरीत शेजारी बसलेले दिसतात एवढेच. ज्याने हवा सर्वांत कमी तापवली, त्याच्याच अंगावर ती सर्वांत जास्त तापून येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज केला, की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे सुमारे तीन कोटी चाळीस लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. हे तास कचेरीतले नाहीत. ते शेतातले, बांधकामावरचे, वीटभट्टीवरचे आहेत.

आपला समाज या यादीत कुठे आहे हे वेगळे सांगायला नको. गावोगाव फळांची हातगाडी ढकलणारा बागवान, आठवडे बाजारात पाल टाकून बसणारा आतार, कोयत्यांना धार लावणारा शिकलगार, भट्टीसमोर उभा असलेला बेकरीवाला, स्लॅबवर खडी टाकणारा मजूर, ही आपली माणसे आहेत. उन्हाळा त्यांच्यासाठी ऋतू नसतो, ती कामाची जागा असते. दिवसभर तापलेला माणूस रात्री पत्र्याखाली झोपतो. पत्रा रात्रीही तापलेला, वीज गेलेली, मूल रडत असते. झोप नाही म्हणून सकाळी अंगात त्राण नाही, मनात संताप आहे. घरातली भांडणे, मुलांचे अभ्यासात न लागणारे चित्त, म्हाताऱ्यांची घुसमट, हे सारे उष्णतेचेच परिणाम. मृत्यूची बातमी होते, या झिजण्याची होत नाही.

मृत्यूच्या बातम्यांतूनही हाच धडा मिळतो. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पाच दिवसांच्या उष्णतेने सातशेहून अधिक माणसे मेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातली ही गोष्ट. मेलेल्यांत गरीब आणि एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ होते. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने या मृत्यूंचा अभ्यास केला. त्याला असे आढळले, की सारख्याच गरिबीच्या दोन शेजारी वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण फार वेगळे होते. जिथे रस्त्यावर दुकाने होती, वर्दळ होती, लोक एकमेकांची खबर घेत होते, तिथे माणसे वाचली. जिथे भीतीने दारे-खिडक्या बंद होत्या, तिथे मेली. शेजारधर्माला आपण नैतिक शिकवण समजतो. तो जीव वाचवण्याचे साधनही आहे.

जून २०१५ मध्ये कराचीत ऐन रमजानात पारा पंचेचाळिसाकडे गेला, वीज गायब झाली, आणि बाराशेहून अधिक माणसे दगावली. ईधी यांच्या संस्थेच्या शवागारात जागा उरली नाही. त्या दिवसांत तिथल्या काही उलेमांनी लोकांना सांगितले, की जीव धोक्यात असेल, डॉक्टर सांगत असतील, तर रोजा सोडा. यात धर्मात सूट देण्यासारखे नवीन काही नव्हते. आजाऱ्याला आणि मुसाफिराला ती सवलत मुळातच आहे. त्याहून बोलकी गोष्ट नमाजची. उन्हाचा कहर असेल तेव्हा जुहरची नमाज थोडी लांबवून, जरा गारवा आल्यावर अदा करावी, अशी पैगंबरांची शिकवण हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. विचार करावा अशी ही गोष्ट आहे. बंदा आपल्या रबसमोर उभा राहणार, त्याची वेळसुद्धा माणसाच्या शरीराला ऊन सोसवत नाही म्हणून पुढे सरकू शकते. मग ठेकेदाराच्या कामाची वेळ का सरकू शकत नाही? बॉयलरची वेळ नमाजच्या वेळेहून अधिक पाक कधीपासून झाली?

आणि हजची गोष्ट तर ताजी आहे. जून २०२४ मध्ये मक्केत ५१.८ अंशांपर्यंत तापमान गेले. सौदी सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार १,३०१ हाजी मरण पावले आणि त्यातले ८३ टक्के परवान्याविना आलेले होते. ज्यांच्याजवळ परवाना होता त्यांना गार तंबू होते, बस होत्या. ज्यांना तो परवडला नाही ते भर उन्हात मैलोन्मैल चालले. परवान्याचा नियम मोडणे बरोबर नाही, हे मान्यच. गर्दीचे नियमन हवेच. पण एकच एहराम सर्वांच्या अंगावर, जिथे बादशहा आणि फकीर ओळखू येऊ नयेत, तिथेही उन्हाने गरीब कोण हे अचूक ओळखले. आपल्याकडेही १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात चौदा श्रीसेवकांचा उन्हाने मृत्यू झाला. मंचावर छत होते, समोरच्या मैदानात बसलेल्या लाखोंवर नव्हते. श्रद्धा दोन्हीकडे तीच, सावली निराळी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक असतो. 'कुणी बळजबरी केली आहे? मजूर आपल्या खुशीने उन्हात काम करतो. टनावर पैसे आहेत, जास्त तोडले तर जास्त मिळतात. उद्या दुपारी काम बंद म्हटले तर त्याचाच चुलीत पाणी पडेल.' या म्हणण्यात तथ्य आहे. उपाशी माणसावर सावली लादून त्याचे भले होत नाही. पण या 'खुशी'ची परीक्षा घ्यायला हवी. कामगाराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ऊसतोडीच्या धंद्यात मजुरी घाम येण्याच्याही आधी दिली जाते, तिला उचल म्हणतात. वरवर पाहता ही शिकवणीच्याही पुढची उदारता वाटेल. प्रत्यक्षात घाम आधीच विकत घेतला जातो, तो गाळल्याशिवाय सुटका नसते. ज्याला 'आज ऊन फार आहे, मी बसतो' असे म्हणायची मोकळीक नाही, त्याच्या होकाराला खुशी म्हणता येत नाही. होकाराला किंमत येते ती नकार देता येत असेल तरच.

दुसरे असे, की सावली दिली तर काम बुडते हेही खरे नाही. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. साखर, रक्तदाब असे नेहमीचे कारण सापडेना. उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे याकडे बोट गेले. तिथल्या काही साखर कारखान्यांवर एक साधा उपक्रम झाला. पाणी, विसावा आणि सावली. ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती, फडात हलवता येणारे सावलीचे तंबू, हाताशी पिण्याचे पाणी. मूत्रपिंडाच्या तक्रारी घटल्या आणि तोडीचे कामही घसरले नाही. आखातातल्या देशांनी उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरच्या कामाला कायद्याने बंदी केली आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी ती आहे. कोकणातली, मराठवाड्यातली आपली कितीतरी मुले तिथे राबतात. तिथल्या मजुरांचे हाल कमी नाहीत, कायदाही पुरता पाळला जात नसेल. पण दुपार मजुराची आहे हे तत्त्व तरी तिथे कागदावर आले. आपल्याकडे उन्हाळ्यात सल्ले निघतात. बारा ते तीन बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. सल्ला त्यालाच उपयोगी पडतो ज्याला तो मानण्याची मुभा आहे.

अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात शेकडो माणसे गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, नागपूरनेही पुढे तो मार्ग धरला. शहरांसाठी हे चांगले झाले. पण फडासाठी आराखडा कुठे आहे? फार मोठ्या गोष्टी मागायच्या नाहीत. तोडणी पहाटे सुरू होऊन अकराला थांबावी आणि चारला पुन्हा सुरू व्हावी. टोळीबरोबर पाण्याचा टँकर आणि सावलीचे एक कापड असावे. उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी खाडा लावू नये. एप्रिलनंतर तोड चालू ठेवायची तर उताऱ्याच्या अनुदानाबरोबर मजुरालाही उन्हाचा दर मिळावा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढही झाली. मजुरांनी संपाची तयारी दाखवली तेव्हा ती झाली, हे विसरू नये. पैशाची वाट मोकळी होऊ शकते, तर सावलीची का होऊ नये?

सरकार आणि कारखान्यापाशी बोट दाखवून आपले काम संपत नाही. रस्ते चौपदरी झाले तेव्हा कडेची वडाची, चिंचेची जुनी झाडे गेली. ती झाडे कुणाच्या मालकीची नव्हती, म्हणूनच ती सर्वांची होती. वारीतला वारकरी, उरुसाला निघालेला मुसाफिर, शेळ्यांमागचे पोर, सगळे तिथे टेकत. सार्वजनिक सावली गेली आणि प्रत्येकाने आपापली खाजगी सावली विकत घेतली. एअर कंडिशनर खोलीतली उष्णता काढून गल्लीत फेकतो. म्हणजे माझा गारवा हा शेजाऱ्याचा उकाडा होतो. ऐपत असेल त्याने म्हाताऱ्या आईसाठी तो लावू नये असे म्हणणे दुष्टपणाचे होईल. पण घराला गारवा आणणाऱ्याने दारात एक झाड आणि एक माठ ठेवायला काय हरकत आहे? मोहरममध्ये आपण सबील लावतो, रमजानात इफ्तारीचे पाणी पुरवतो. मशिदीचा गार ओटा, पंखे, नळाचे पाणी दुपारी बारा ते चार कोणत्याही मजुराला, कोणत्याही धर्माच्या, मोकळे असावे. तहानलेल्याला पाणी पाजताना त्याचे नाव विचारायचे नसते. पत्र्याच्या घरांना पांढरा चुना फासण्याचे काम जमातीच्या तरुणांनी एका रविवारी हाती घेतले, तर एका वस्तीच्या रात्री थोड्या गार होतील.

शेवटी एक हिशेब मांडतो. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. सध्या तो थंडीच्या दिवसांकडे निघाला आहे, काही वर्षे रोजे सुखाचे जातील. २०५० च्या आसपास तो पुन्हा मे महिन्यात येईल. त्याच सुमारास हजही पुन्हा कडक उन्हाळ्यात असेल. २०४७ ते २०५२ ही वर्षे हाजींसाठी धोक्याची ठरू शकतात, असे शास्त्रज्ञांनी आधीच सांगून ठेवले आहे. आज मदरशात, जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेली दहा वर्षांची मुले तेव्हा पस्तिशीच्या आसपास पोहोचलेली असतील, घरात कमावती असतील. त्यांच्यापैकी कुणी पणदऱ्याच्या रानात असेल, कुणी दुबईत स्लॅबवर, कुणी अरफातच्या मैदानात. तोपर्यंत ऊन किती वाढेल हे बऱ्याच अंशी मोठ्या देशांच्या हातात आहे. पण वडाचे रोप आज लावले तर तोवर त्याची सावली रस्ताभर पसरलेली असेल, आणि हे तरी आपल्याला कुणाला विचारून करावे लागणार नाही.